घाटरस्त्यावरील उद्घाटनाची कोनशिला कशी वाचावी व नोंदवावी

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागात, कुंभार्ली किंवा आंबेनळीसारख्या घाटात, रस्ता खुला झाल्याची कोनशिला आढळल्यास तिची नोंद घेण्यासाठी मार्गशीर्ष-पौषातला दिवस निवडावा. आषाढ-श्रावणात तेथे धुके इतके दाट असते की वळणावर उभे राहणेच धोक्याचे ठरते.

मजकूर सकाळी किंवा उन्हे कलल्यावर वाचावा, कारण तिरप्या प्रकाशात कोरलेल्या खाचेची एक कड उजळते व दुसरी सावलीत जाते. भर दुपारी तोच दगड सपाट दिसतो. शिळा डोंगराच्या सावलीत असेल, तर बरोबरच्या माणसाने आरसा धरून बाजूने कवडसा पाडावा. शेवाळ मऊ कुंचल्याने व साध्या पाण्याने काढावे. तारेचा ब्रश किंवा आम्ल मुळीच वापरू नये.

सर्वाधिक चुका अंकांत होतात. झिजलेला ९ अनेकदा १ सारखा दिसतो, आणि रंगरंगोटीच्या वेळी ऑइलपेंट फिरवणारा कारागीर आपल्याला दिसेल तोच अंक ठसठशीत करून जातो. म्हणून रंगावर न विसंबता खाच बोटाने चाचपून पाहावी.

तारीख भूमिपूजनाची आहे की लोकार्पणाची, हे त्याहून महत्त्वाचे आहे. दोहोंमध्ये अनेक वर्षे लोटलेली असू शकतात, त्यामुळे भूमिपूजनाच्या शिळेवरून रस्ता सुरू झाल्याचे वर्ष ठरवू नये. शक दिला असल्यास त्यात ७८ मिळवावेत, मात्र जानेवारीपासून चैत्रारंभापर्यंतच्या तारखांना ७९. ताळ्यासाठी एक नोंद हाताशी ठेवावी: महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचा १ मे १९६० हा दिवस राष्ट्रीय दिनदर्शिकेनुसार ११ वैशाख १८८२ होता. शिळेवर ‘मुंबई राज्य’ असे कोरलेले असेल, तर ती त्या दिवसापूर्वीची मानावी.

नक्कल ओळीस ओळ लावून उतरवावी, ऱ्हस्व-दीर्घ सुधारू नयेत, न लागलेली अक्षरे चौकटी कंसात दाखवावीत आणि शेजारी पट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. मागची बाजूही पाहावी. पुढे मान्यवरांची नावे मोठ्या अक्षरांत असतात, पण दगड घडवणाऱ्याची खूण असलीच तर ती बहुधा मागे किंवा तळाशी सापडते.

नंतर जवळच्या चहाच्या टपरीवर, शिळा पहिल्यापासून येथेच आहे का, हे वयस्कर माणसाला विचारावे, कारण रुंदीकरणात अशा शिळा हलवल्या जातात. जुनी जागा कळल्यास किलोमीटरच्या दगडावरील आकडा धरून दोन्ही ठिकाणे लिहावीत. त्या दगडाचा माथा राज्यमार्गावर हिरवा व राष्ट्रीय महामार्गावर पिवळा असतो. रस्त्याचा दर्जा पुढे बदलू शकत असल्याने तो रंगही तारखेसह नोंदवावा.