मुस्लिम ट्रस्टच्या कॉलेजात शिकायला खान्देशात येताय?

प्रवेशाचे दिवस आले की कोल्हापूर-सांगलीकडून फोन सुरू होतात. "दादा, कॉलेज मुस्लिम ट्रस्टचं आहे म्हणे. आपल्या पोराचं निभेल ना तिथं?" निभतं. मी वारकरी घरातला. इकडच्या अशाच एका कॉलेजात बी.फार्म. केलं आणि तळोद्यात मेडिकल टाकून इथलाच झालो.

आधी भाग समजून घ्या. उदाहरणार्थ अक्कलकुवा: नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, गुजरातच्या हद्दीला लागून. रेल्वे नंदुरबारपर्यंत, पुढे तळोदामार्गे एसटी. मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी १९७९ साली इथे जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम हा मदरसा काढला. पुढे त्याच संस्थेची युनानी, फार्मसी, इंजिनिअरिंगची कॉलेजं झाली. मदरसा वेगळा, कॉलेज वेगळं, हे घरच्यांना नीट सांगा. बी.फार्म.ला जो अभ्यासक्रम इतरत्र, तोच इथे.

कागदाचं काम पक्कं करा. प्रवेश शक्यतो कॅपमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच घ्या, त्याबाहेर घेतला की शिष्यवृत्ती बहुतेक वेळा अडते. घटनेच्या कलम १५(५) मुळे अल्पसंख्याक संस्थांना जातीनिहाय आरक्षण लागू नाही. यादीत आपल्या प्रवर्गाच्या जागा दिसल्या नाहीत तर गोंधळू नका. आणि कलम २८(३) लक्षात ठेवा: सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत तुमच्या संमतीशिवाय कुणी तुम्हाला प्रार्थनेला किंवा धर्मशिक्षणाला बसवू शकत नाही. तुम्ही अठरा वर्षांखालील असाल तर संमती पालकांची लागते. हे भांडायला सांगत नाही. हक्क माहीत असला की माणूस मोकळेपणाने विचारतो, आणि इथे विचारणाऱ्याचंच सोपं होतं.

काय विचारायचं? मेसमध्ये शाकाहारी स्वयंपाक वेगळा होतो का. मुलींना पोशाखाचा काही नियम आहे का, तो फक्त कॉलेजच्या वेळेपुरता की होस्टेललाही. खोलीत देवाचा फोटो ठेवला, निरांजन लावलं तर चालेल का. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजासाठी तासांची वेळ बदलते का. पहिल्याच आठवड्यात वॉर्डनना स्पष्ट विचारा. मनात ठेवून कुढणारी पोरं मी पाहिली आहेत. त्यांना कुणी त्रास दिलेला नसतो, त्यांनी कुणाला विचारलेलंच नसतं.

रमजानची भीती बाळगू नका. तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, आता काही वर्षं थंडीत येईल. पहाटे होस्टेल जागं होतं. माझा रूम पार्टनर गजर उशीखाली ठेवायचा, मोबाईलच्या उजेडात चपला शोधायचा आणि दार ओढताना कडी हाताने धरून ठेवायचा, मला जाग येऊ नये म्हणून. मीही दिवसा खोलीत डबा उघडत नसे. तसा नियम नव्हता, त्याने कधी म्हटलंही नाही. आषाढीला माझा उपास असला की तोच मेसवाल्या चाचांना आठवण करायचा, आणि भगर व्हायची.

इफ्तारला बोलावलं तर जा. दस्तरखानावर खजूर, रावेरची केळी, पपईच्या फोडी, भजी. अजान होईपर्यंत काही उचलायचं नाही, एवढंच. "सलाम" केला तर "सलाम" म्हणा, नाहीतर "नमस्कार" म्हणा, दोन्ही चालतं. पण खूश करायला नमाजाच्या रांगेत उभं राहू नका. जे मनापासून नाही ते समोरच्याला कळतं, आणि त्याच्या श्रद्धेचाही त्यात मान राहत नाही. आपली माळ शर्टाच्या आत लपवायचीही गरज नाही. माझ्या माळेबद्दल पहिल्यांदा विचारलं ते आमच्या केमिस्ट्रीच्या सरांनी. वारीत पायी किती दिवस लागतात, वाटेत जेवायची सोय काय, सगळं बसून ऐकून घेतलं त्यांनी.

आणखी एक. वर्गात हिंदू-मुस्लिम एवढेच दोन गट असतील असं समजून येऊ नका. भिल्ल, पावरा अशी आदिवासी पोरं भेटतील. त्यांचे देव, त्यांचे सण वेगळे, भाषाही वेगळी. एखाद्याने काठी गावच्या राजवाडी होळीला चल म्हटलं तर नक्की जा. होळी पहाटे पेटते, तेव्हा रात्र जागायची तयारी ठेवा आणि अंगावर जाड पांघरूण घ्या. परीक्षा जवळ असेल तर नोट्स आधीच झेरॉक्स करून ठेवा, दुसऱ्या दिवशी दुकानं उशिरा उघडतात.