हिवाळी सुट्टी: नोव्हेंबरमध्येच उरकायची कामं

अमेरिकेत मास्टर्सच्या पहिल्या वर्षी हिवाळी सुट्टीआधीचा शेवटचा पेपर झाला आणि मी रूमवर येऊन चौदा तास झोपलो. उठलो तेव्हा बाहेर गुडघाभर बर्फ होता आणि फ्रीजमध्ये अर्धा कांदा. मील प्लॅनमध्ये पैसे होते, पण डायनिंग हॉल थेट जानेवारीत उघडणार होता. कॅम्पसची बस सुट्टीच्या वेळापत्रकावर गेलेली, म्हणजे शनिवार-रविवारी नाहीच. पुढचे चार दिवस मी मेतकूट-भातावर काढले. निघताना आईनं ते बॅगेत कोंबलं तेव्हा मी तिच्याशी वाद घातला होता.

अमेरिकेत मास्टर्सला आलेल्या आपल्या मुलांना वाटतं, सुट्टी म्हणजे फक्त वर्ग बंद. प्रत्यक्षात नाताळ ते नववर्ष या आठवड्यात बऱ्याच विद्यापीठांत ऑफिसं, हेल्थ सेंटर, हेल्पडेस्क सगळंच बंद असतं. पोर्टल चालू राहतं, त्यामुळे आपण गाफील राहतो. तुमचा अर्ज पोर्टल घेतं आणि तो २ जानेवारीपर्यंत तसाच पडून राहतो. म्हणून थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या, आधीच कामाला लागा. त्यानंतर अभ्यासापुढे दुसरं काही सुचत नाही.

भारतात जाणार असाल तर सगळ्यात आधी आय-२०, म्हणजे विद्यापीठानं व्हिसासाठी दिलेला प्रवेशाचा दाखला, काढून बघा. त्यावर प्रवासासाठीची सही लागते आणि शिकत असेपर्यंत ती एक वर्ष चालते. ओपीटीवर, म्हणजे शिक्षणाशी निगडित कामाच्या परवानगीवर, असलेल्यांना सहाच महिने. पासपोर्टवरच्या व्हिसाची तारीखही बघा. तो संपला तरी अमेरिकेत राहायला अडचण नसते, कारण इथला मुक्काम आय-२० वर चालतो. पण घरी जाऊन परत येताना चालू व्हिसा लागतो, आणि त्याची अपॉइंटमेंट तुमच्या सुट्टीच्या सोयीनं मिळेल याचा भरवसा नाही. माझ्या रूममेटनं याच कारणानं तिकीट रद्द केलं.

आता ज्यानं मला खरं रडवलं ते. दुसऱ्या वर्षी मी हिवाळी सत्रात तीन क्रेडिटचा एक कोर्स घेतला आणि तो सांगलीहून करायचं ठरवलं. लॉगिनला दुसरी पायरी असते, तिचा कोड माझ्या अमेरिकन नंबरवर एसएमएसनं यायचा. तो प्रीपेड नंबर भारतात मेला. कोड नाही, लॉगिन नाही. हेल्पडेस्कला फोन लावला तर रेकॉर्ड केलेला आवाज सुट्टीच्या शुभेच्छा देत होता. तीन दिवसांचं वाचन बुडालं, आणि तीन आठवड्यांच्या कोर्सात तीन दिवस म्हणजे सेमिस्टरमधले दोन आठवडे. प्राध्यापकांना ईमेल करावा तर विद्यापीठाचा मेलही त्याच लॉगिनच्या आत! शेवटी एका वर्गमित्रानं माझ्या वतीनं त्यांना कळवलं. तेव्हा निघण्याआधी फोनवर ऑथेंटिकेटर ॲप चालू करा, बॅकअप कोड कागदावर लिहून पासपोर्टसोबत ठेवा. लायब्ररीचे जर्नल्स आणि सॉफ्टवेअर व्हीपीएनवर (बाहेरून विद्यापीठाच्या नेटवर्कला जोडणारी सोय) चालतात का, तेही कॅम्पसवर असतानाच बघून घ्या.

वेळेचा हिशेबही आधी मांडा. हिवाळ्यात आपण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापेक्षा साडेदहा तास पुढे असतो. असाइनमेंटची मुदत रात्री ११:५९ असेल तर आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे १०:२९, ही चैन. पण दुपारी दोनचा झूम वर्ग म्हणजे रात्रीचे साडेबारा. शेजारच्या खोलीत आजी झोपलेली, आणि मी कुजबुजत ग्रुप डिस्कशन करतोय. ग्रुपमधल्यांना वाटलं, मी आजारी आहे.

एखाद्या विषयाचं काम राहून गेलं असेल तर 'इन्कम्प्लीट'बद्दल, म्हणजे ग्रेड तूर्त थांबवून काम नंतर पुरं करण्याच्या सवलतीबद्दल, प्राध्यापकांशी परीक्षेच्या आधी बोला. ग्रेड लागल्यावर केलेल्या विनंतीला फार वजन उरत नाही. आणि राहिलेलं काम कधी द्यायचं ते ईमेलवर लिहून घ्या, तोंडी बोलण्यावर राहू नका.

कॅम्पसवरच थांबणाऱ्यांसाठी एक चांगली बातमी. एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, सेमिस्टरमध्ये कॅम्पसवरचं काम आठवड्याला २० तासांपर्यंत. विद्यापीठाच्या अधिकृत सुट्टीत, पुढच्या सत्रात शिकणार असाल तर, पूर्णवेळ करता येतं. कोण कोण घरी जाणार आहे ते सुपरवायझरना विचारून त्यांच्या शिफ्ट मागून घ्या. कॅम्पसबाहेर 'ओळखीच्या दुकानात रोखीनं' काम सांगणारे भेटतील. त्यांना हसून नाही म्हणा, तिथे व्हिसा जातो.

होस्टेलवर असाल तर सुट्टीत राहू देतात का ते विचारा. काही ठिकाणी इमारतच रिकामी करून घेतात. भाड्याच्या घरातून निघताना हीटर बंद करू नका. बर्फाळ भागात पाइप गोठून फुटतात आणि त्याचं बिल तुमच्या नावावर येऊ शकतं. ५५ फॅरनहाइट, म्हणजे साधारण १३ सेल्सिअसवर ठेवतात बहुतेक जण. रोजची औषधं आधीच भरून घ्या. पुढच्या सत्राच्या फीची तारीखही बघा, ती हमखास सुट्टीत येते.

परतीचं तिकीट वर्ग सुरू व्हायच्या आदल्या दिवसाचं काढू नका. घरचे संक्रांतीपर्यंत थांब म्हणतात, मीही थांबलो होतो. मधल्या विमानतळावर बर्फामुळे एक रात्र खुर्चीत काढली आणि पहिला वर्ग बुडाला. हातातल्या पिशवीत तिळाच्या वड्या होत्या म्हणून बरं.