सनद नवी असतानाच वकील संघातून करण्यासारखं काम

वकिलीची सनद, म्हणजे परवाना, हातात आली की पहिली काही वर्षं सिनियरच्या फायली सांभाळण्यात, तारखा घेण्यात आणि बोर्डावरचं मॅटर कधी पुकारतात याकडे कान लावून बसण्यात जातात. वकिली अशीच शिकली जाते, त्याबद्दल तक्रार नाही. पण याच वर्षांत आपल्या वकील संघामार्फत गावागावांत जाऊन काम करता येतं आणि ते नव्या वकिलाने करावंच, असं मला मनापासून वाटतं. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. लोक कायद्याला का घाबरतात हे मला कोर्टरूमपेक्षा ग्रामपंचायतीच्या सभागृहांत जास्त कळलं.

सुरुवात कुठून करायची? प्रत्येक तालुक्याला गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणारी विधी सेवा समिती असते. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, अंमल ९ नोव्हेंबर १९९५ पासून. तालुक्यातले सर्वांत वरिष्ठ न्यायाधीश समितीचे अध्यक्ष असतात आणि गावांतली शिबिरं समिती व वकील संघ मिळून घेतात. समितीच्या पॅनेलवर येऊन मोफत केसेस चालवायला साधारण ३ वर्षांची प्रॅक्टिस लागते. ती होईपर्यंत थांबायचं कारण नाही. संघाच्या सचिवांना सरळ भेटा आणि शिबिरांना यायचंय म्हणून सांगा. माणसं नेहमीच कमी पडतात, नाही कुणी म्हणत नाही.

एकट्याने गावात जाण्यापेक्षा संघातून जा, हे मात्र आग्रहाने सांगते. एकटा वकील गावात आला की पहिली शंका येते, हा केस शोधायला आलाय किंवा अमक्या गटाचा आहे. संघातून गेलं की समितीचं पत्र आधी पोचलेलं असतं, सभागृह उघडून मिळतं, तलाठी हजर असतात, अंगणवाडीताई बचत गटाच्या बायकांना घेऊन येतात. आणि उद्या तुम्ही दुसऱ्या कोर्टात गेलात तरी तिथे सुरू केलेलं काम पुढे बघणारं कुणीतरी असतं.

शिबिरातलं भाषण दहा मिनिटांत आटपा. कलमांची यादी वाचली की मागच्या रांगा उठू लागतात. मी दोनच गोष्टी पक्क्या सांगते. पहिली, १५१०० हा विधी सेवेचा हेल्पलाइन नंबर. दुसरी, मोफत वकील कुणाला मिळतो. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतले लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतले कैदी यांना उत्पन्नाची अटच नाही. हे अनेक वकिलांनाही ठाऊक नसतं आणि ‘तुमचं उत्पन्न जास्त आहे’ म्हणून बायकांना परत पाठवलं जातं. या मदतीत वकिलाच्या फीबरोबर कोर्ट फीसुद्धा येते.

खरं काम सुरू होतं ते सतरंजी गुंडाळताना. ज्यांना चारचौघांत विचारता येत नाही, ते लोक तेव्हा जवळ येतात. एका शिबिरानंतर पन्नाशीतली एक बाई कॅरीबॅगमधून कागद काढत आली. वडील वारले होते. वारसाच्या फेरफारात, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर वारसांची नावं चढवायच्या नोंदीत, तिन्ही भावांची नावं होती, तिचं आणि बहिणीचं नव्हतं. फेरफाराच्या नोटिशीवर हरकत घ्यायला १५ दिवस मिळतात आणि त्यातले काहीच उरले होते. भावांनी तिला सांगितलं होतं, वडील २००५ च्या आधी वारले असते किंवा नंतर, लग्न झालेल्या मुलीला जमिनीत काही नसतं. दोन्ही चूक. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क दिला, लग्नाचा त्याच्याशी संबंध नाही. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याचीही गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं.

तिथेच खुर्चीवर कागद ठेवून हरकतीचा अर्ज लिहिला. गट नंबर, फेरफार नंबर, मयताचं नाव, मृत्यूची तारीख, तिचं नातं, मागणी एका वाक्यात. सोबत मृत्यूचा दाखला आणि वडिलांचं नाव असलेला तिचा शाळा सोडल्याचा दाखला. अर्जाच्या दोन प्रती केल्या. एक दाखल करायची आणि दुसरीवर तारखेसह आवक शिक्का घेऊन ती जपून ठेवायची. तो शिक्का हाच पुढे पुरावा. हरकत आली की नोंद तक्रारीत, म्हणजे वादग्रस्त नोंदींत, जाते आणि मंडल अधिकाऱ्याला दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात.

वाटपाचा दावाही करता येईल, फेरफाराने मालकी ठरत नाही, हे मी तिला समजावलं. ती म्हणाली, “ताई, दावा नको. माहेर तुटायला नको. पण बापाच्या उताऱ्यावर माझं नाव तर असू दे.” अशा वेळी वकिलाने आपला उत्साह आवरावा. काय मागायचं ते तिने ठरवायचं. आपण फक्त तिचा हक्क आणि मुदत सांगायची.

तुरुंगातलं काम वेगळं आणि जास्त जड. जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून आत राहिलेली माणसं तिथे भेटतात. ७ दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी दिले. प्रत्यक्षात नातेवाइकांचा पत्ता शोधणं, सातबारा किंवा घरपट्टीची पावती मागवणं, जामिनाची अट शिथिल करायचा अर्ज तयार करणं, हे कुणीतरी बसून करावं लागतं. ते ज्युनिअरने करावं. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम ४७९ मुळे पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याच्या सुटकेचा मार्ग उघडतो. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेले गुन्हे त्यातून वगळलेत आणि एकापेक्षा जास्त प्रकरणं प्रलंबित असतील तरीही हा लाभ मिळत नाही. म्हणून यादी करताना अटकेची तारीख आणि प्रत्येक गुन्ह्याचं कलम स्वतः तपासा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

लोकअदालतीच्या दिवशी आकड्यांची घाई असते. तिथल्या निवाड्यावर अपील नाही, तो दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो. म्हणून सही होण्याआधी पक्षकाराला, विशेषतः पोटगीच्या प्रकरणात आलेल्या बाईला, बाजूला नेऊन मजकूर वाचून दाखवा: रक्कम किती, कधी, चुकली तर काय. तडजोड एखादी कमी झाली तरी चालेल.

आणि शिबिरात कार्ड वाटू नका. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ३६ जाहिरात आणि काम मागत फिरण्याला मनाई करतो. शिबिरात भेटलेल्या माणसाला वकील हवा असेल तर त्याचा अर्ज समितीकडे द्या. त्याच नियमांतला ४६ वा नियम, गरजूला मोफत मदत करणं हे वकिलाचं मोठं कर्तव्य मानणारा, एकदा सावकाश वाचा. या कामातून घरभाडं निघत नाही, हे घरच्यांना आणि सिनियरला आधीच सांगून ठेवा. शिबिरं बहुधा सुट्टीच्या दिवशी असतात, त्यामुळे कोर्टाचं काम अडत नाही.

जाताना पिशवीत कोरे कागद, कार्बन, स्टॅम्प पॅड, समितीच्या अर्जाचे नमुने आणि एक वही ठेवा. वहीत गाव, विषय, पुढची तारीख. पुढच्या महिन्यात त्याच गावात फोन करून ‘अर्जाचं काय झालं’ विचारायला ती लागते. ९ नोव्हेंबरला विधी सेवा दिन असतो, त्या सुमारास शिबिरं भरपूर होतात. सचिवांना दिवाळीच्या सुट्टीआधीच भेटून आपलं नाव देऊन ठेवा.