पावसाळ्यात गालिचा आणि फरशीचा दुर्गंध मुळापासून कसा घालवावा

जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई, ठाणे आणि कोकणपट्टीत हवेतील सापेक्ष आर्द्रता बहुतेक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. उन्हाळ्यात जाणवतही नसलेला गालिच्याचा वास याच दिवसांत घरभर पसरतो. अशा वेळी सुगंधी फवारा मारणे किंवा फिनेलचे प्रमाण वाढवणे हा बहुतेक घरांतला पहिला उपाय असतो आणि माझ्या मते वेळ व पैसा सर्वाधिक वाया जातो तो इथेच. वासाचे मूळ गालिच्याच्या धाग्यांत, त्याच्या पाठीला किंवा फरशीच्या सांध्यांत असते. ते मूळ शोधून काढून टाकणे आणि ती जागा पूर्ण वाळवणे, एवढ्या दोनच गोष्टींवर सारे यश अवलंबून आहे. त्यातही वाळवण्याचे महत्त्व कोणत्याही पावडरीपेक्षा किंवा द्रावणापेक्षा अधिक आहे, कारण ओल राहिली तर एक-दोन दिवसांत बुरशी धरू लागते आणि केलेली सारी मेहनत फुकट जाते.

मूळ शोधताना आपल्या नाकावर सरसकट विश्वास ठेवू नये, कारण घरात सतत वावरणाऱ्या माणसाला तो वास हळूहळू जाणवेनासा होतो. खोलीची दारे-खिडक्या काही तास बंद ठेवाव्यात, बाहेर मोकळ्या हवेत थोडा वेळ घालवून परत यावे आणि मग गुडघे टेकून गालिच्याचा एकेक भाग हुंगून पाहावा. गालिचा उलटवून त्याची पाठ आणि त्याखालची फरशी या दोन्ही अवश्य पाहाव्यात. पाठीवर काळे-हिरवे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. खिडकीखालचा भाग, बाहेरच्या भिंतीलगतची कड आणि न्हाणीघराच्या दाराजवळची जागा यांकडे विशेष लक्ष द्यावे. मांजराचा, कुत्र्याचा किंवा लहान मुलाचा लघवीचा जुना डाग डोळ्यांना दिसत नसेल, तर रात्री दिवे मालवून नोटा तपासण्याच्या अतिनील प्रकाशाच्या टॉर्चने पाहावे. लघवीचा डाग त्या प्रकाशात फिकट पिवळसर चमकतो. काही साबणांचे अंशही तसेच चमकतात, म्हणून चमक दिसली तरी त्या जागेचा वास घेऊनच खात्री करावी. सापडलेल्या डागांभोवती खडूने खूण केली की पुढचे काम सोपे होते.

डाग ताजा असेल तर काम निम्म्याहून हलके होते. कोरडे सुती फडके किंवा जुना टॉवेल घडी करून डागावर ठेवावा आणि त्यावर पाय देऊन उभे राहावे. फडके ओले झाले की दुसरे घ्यावे. चोळू नये, कारण चोळल्याने द्रव धाग्यांत अधिक खोल जातो आणि डागाचा घेरही वाढतो. त्यानंतर थोडे थंड पाणी टाकून पुन्हा तसेच टिपावे. गरम पाणी आणि वाफेचे यंत्र यांचा लघवी किंवा दूध यांवर प्रथम वापर टाळावा, कारण उष्णतेने त्यातील प्रथिने धाग्याला घट्ट धरून बसतात.

केवळ कुबट वास असलेला कोरडा गालिचा असेल तर आधी तो कठड्यावर टाकून काठीने झोडपावा आणि पावसाने उघडीप दिल्यास दोन्ही बाजूंनी उन्हात ठेवावा. गडद किंवा नैसर्गिक रंगांचा गालिचा असेल तर पाठ उन्हाकडे अधिक वेळ असावी. मग खाण्याचा सोडा चाळणीतून पातळ थराने सर्वत्र भुरभुरावा, मऊ ब्रशने धाग्यांत उतरवावा आणि रात्रभर राहू द्यावा. सकाळी वरचा सोडा आधी झाडूने गोळा करून उरलेला व्हॅक्यूम क्लीनरने सावकाश खेचावा, म्हणजे यंत्राची गाळणी बारीक पुडीने चटकन तुंबत नाही. सोड्याच्या मर्यादा मात्र लक्षात ठेवाव्यात. तो आंबूस, आम्लधर्मी वासांवर चांगला चालतो. बुरशी तो मारत नाही, आणि ओल्या गालिच्यावर टाकला तर त्याचे खडे होऊन ते धाग्यांत अडकून बसतात.

लघवीच्या जुन्या वासाचे प्रकरण सर्वांत चिवट असते. लघवीतील युरियाचे जिवाणूंमुळे अमोनियात रूपांतर होते आणि तो झोंबणारा दर्प येतो; त्याचबरोबर युरिक आम्लाचे सूक्ष्म स्फटिक मागे राहतात, जे पाण्यात फारसे विरघळत नाहीत. डाग धुतल्यावर वास गेल्यासारखा वाटतो आणि दमट हवा आली की परत येतो, त्यामागे हेच कारण असते. यासाठी पाळीव प्राण्यांच्या साहित्याच्या दुकानांत मिळणारे एन्झाइमयुक्त द्रावण वापरावे. ते वरवर फवारून उपयोग होत नाही. लघवी जितकी खोल मुरली असेल तितके खोल ते मुरले पाहिजे, म्हणून डागापेक्षा थोडा मोठा भाग चांगला भिजवावा, वर प्लास्टिकचा कागद अंथरून बाटलीवर सांगितलेला वेळ तो ओलसर ठेवावा आणि मग टिपून वाळवावा. त्या जागी आधी फिनेल, ब्लीच किंवा व्हिनेगर वापरलेले असेल तर ते साध्या पाण्याने काढून टाकावे, नाहीतर एन्झाइमचे काम मंदावते किंवा थांबते. अमोनियायुक्त क्लीनर तर अशा जागी मुळीच वापरू नये, कारण त्याचा वास लघवीसारखाच असल्याने प्राणी पुन्हा त्याच जागी वळू शकतो.

लोकरी आणि रेशमी गालिच्यांसाठी स्वतंत्र काळजी हवी. लोकर आणि रेशीम ही स्वतः प्रथिने आहेत, त्यामुळे प्रथिने तोडणारे एन्झाइम, धुण्याचा सोडा आणि ब्लीच यांनी त्यांचे धागेच खराब होतात. भदोही-मिर्झापूरकडचा हाताने गाठी मारून विणलेला लोकरी गालिचा असेल तर एक भाग पांढरे व्हिनेगर आणि तीन भाग थंड पाणी यांचे मिश्रण आधी कोपऱ्यावर लावून रंग सुटतो का ते पाहावे, आणि रंग टिकला तरच डागावर जेमतेम ओल येईल इतके लावून टिपून घ्यावे. डाग मोठा किंवा जुना असल्यास गालिचे धुणाऱ्या जाणकाराकडेच तो द्यावा. सुती सतरंजी किंवा जाजम यांची गोष्ट सोपी आहे. ते सरळ थंड पाण्यात साबण घालून धुऊन काढावेत.

दूध सांडल्यास थंड पाण्याने टिपल्यावर वाटीभर पाण्यात भांडी घासण्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब घालून त्या पाण्याने स्निग्धांश काढावा आणि शेवटी साध्या पाण्याने साबणही काढून टाकावा. राहिलेला साबण धूळ ओढून घेतो.

आता फरशीकडे वळू. व्हिट्रिफाइड टाइल सहसा वास धरत नाही, तिच्या सांध्यांतील सिमेंट धरते. मासळीचे पाणी जमिनीवर सांडले तर वास टाइल पुसल्यावरही राहतो तो यामुळेच. मासळीचा वास मुख्यतः ट्रायमिथिलअमाइन या अल्कधर्मी पदार्थाचा असतो आणि आम्लाने तो उतरतो. मासळीला लिंबू, चिंच किंवा कोकम लावण्याच्या आपल्या रीतीमागे हेच रसायन आहे. टाइलच्या सांध्यांवर पाण्यात मिसळलेले व्हिनेगर किंवा लिंबाचा रस नायलॉनच्या ब्रशने लावावा, पाच मिनिटांत भरपूर पाण्याने धुवावे आणि कोरडे करावे.

हाच उपाय शहाबादी, कोटा, संगमरवर किंवा मोझॅकच्या फरशीवर मात्र कदापि करू नये. शहाबादी आणि कोटा हे चुनखडीचे दगड आहेत, संगमरवरातही तेच कॅल्शियम कार्बोनेट असते आणि मोझॅकमध्ये संगमरवराचे तुकडे सिमेंटमध्ये बसवलेले असतात. आम्लाने या फरश्यांची झिलई जाते आणि खडबडीत झालेला पृष्ठभाग पुढे अधिक घाण धरतो. संडास धुण्याचे अॅसिड तर त्यांच्या जवळही नेऊ नये. फरशी कोणती आहे याची शंका असल्यास कपाटाखालच्या न दिसणाऱ्या जागी व्हिनेगरचा एक थेंब टाकावा, बुडबुडे आले तर आम्ल वर्ज्य समजावे. अशा फरशीवर सौम्य साबणाचे पाणी, सांध्यांत खाण्याच्या सोड्याचा ओला लेप आणि त्यानंतर साध्या पाण्याचा पोछा एवढेच करावे. लाकडी किंवा लॅमिनेटच्या जमिनीवर फडके घट्ट पिळूनच फिरवावे.

कितीही धुतले तरी गटारासारखा वास येत असेल, तर दोष बहुधा फरशीचा नसतो. न्हाणीघरातील जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये साठलेले पाणी गटारातील वायूला अडवून धरते. घर काही आठवडे बंद राहिले किंवा एखादे न्हाणीघर वापरात नसले की ते पाणी आटते आणि वास थेट खोलीत येतो. जाळी काढून केस आणि चोथा साफ करावा व बादलीभर पाणी ओतावे. गावी जाण्यापूर्वी त्या पाण्यावर दोन चमचे खाद्यतेल सोडले तर पाणी आटण्याचा वेग कमी होतो.

एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. ब्लीच कशातही मिसळू नये. आम्लाबरोबर त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि अमोनियाबरोबर क्लोरामाइन. दोन्ही फुप्फुसांना घातक आहेत आणि आपली न्हाणीघरे लहान व बंदिस्त असतात. लघवीच्या ताज्या किंवा जुन्या डागावरही म्हणूनच ब्लीच ओतू नये. घरात मांजर असेल तर काळे फिनेलही टाळावे, कारण त्यातील फिनॉल वर्गाच्या द्रव्यांचा विषारीपणा मांजराच्या यकृताला नीट घालवता येत नाही आणि पंजे चाटताना ती द्रव्ये मांजराच्या पोटात जातात.

धुतलेला गालिचा जमिनीवर पसरून वाळत नाही. तो दोन खुर्च्यांच्या पाठींवर किंवा वळणीवर असा टाकावा की हवा दोन्ही बाजूंनी खेळेल, पंखा थेट त्यावर सोडावा आणि वातानुकूलन यंत्र असल्यास ते ड्राय मोडवर चालवावे. वरचे धागे कोरडे लागले तरी पाठ ओली असू शकते, म्हणून हाताचा तळवा पाठीवर दाबून पाहिल्याशिवाय तो परत अंथरू नये. पाठीवरील रबरी थर भुगा होऊन गळत असेल किंवा बुरशी पूर्ण पाठभर पसरली असेल, तर तो गालिचा टाकून देणेच योग्य. दम्याचा रुग्ण घरात असल्यास याबाबत चालढकल करू नये.

तळमजल्यावरील घरांत अंथरण्यापूर्वी जमीनही तपासावी. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने फरशीवर डकवून एक दिवस ठेवावा. कागदाच्या खालच्या बाजूला पाण्याचे थेंब जमले तर ओल जमिनीतूनच वर येत आहे, आणि तिचा बंदोबस्त होईपर्यंत तिथे गालिचा अंथरू नये. तोवर तो पूर्ण वाळवून, गुंडाळून, सुती चादरीत बांधून जमिनीपासून उंचावर ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवीत मात्र बांधू नये, कारण उरलीसुरली ओल तिच्यात कोंडून राहते.