ओटावातल्या नोकरीसाठी फ्रेंच: तोंडी परीक्षेची तयारी

कॅनडाच्या केंद्र सरकारी नोकरीत फ्रेंचचे वाचन, लेखन आणि बोलणे स्वतंत्रपणे तपासतात. पातळ्या ए, बी, सी. मोठेपणी शिकणारे बहुतेक जण बोलण्यात अडतात, म्हणून रोज दहा मिनिटं स्वतःच्या कामाबद्दलच मोठ्याने बोला, रेकॉर्ड करा आणि ऐका. बी पातळीला घडलेलं नीट सांगता यावं लागतं. इथे मराठी मदतीला येते: ‘मी अहवाल लिहीत असे’ म्हणजे साधारण आँपार्फे (फ्रेंचमधला सवयीचा किंवा चालू असलेला भूतकाळ), ‘काल लिहिला’ म्हणजे पासे काँपोझे (एकदा घडून संपलेल्या गोष्टीचा भूतकाळ). सी पातळीला ‘वेळ असता तर काय केलं असतं?’ छापाचे प्रश्न येतात. तेव्हा जर-तरची वाक्यं आधीपासूनच घोटा, अगदी बसमध्येसुद्धा!