जुन्या गाडीचा पेट्रोल पंप बदलताय? आधी या चुका टाळा

मे महिन्यात यवतमाळ-दारव्हा रस्त्यावर एखादी पद्मिनी किंवा अँबेसेडर आचके देत थांबली, की मिस्त्रीचं निदान ठरलेलं: "पंप गेला जी." मग नागपूरहून पंप मागवायचा, बसवायचा, आणि दोन दिवसांनी गाडी पुन्हा तिथंच उभी. पंप बरेचदा चांगलाच असतो. दोष असतो त्याच्या मागे, टाकीकडे.

टाकी डिकीत आणि पंप इंजिनाला, म्हणजे पंपाला पेट्रोल लांबून ओढावं लागतं. या ओढणाऱ्या बाजूला पाइप चिरला तर पेट्रोल गळत नाही, उलट हवा आत जाते. खाली थेंब दिसत नाही म्हणून पाइप ठीक, असं धरू नका.

तपासायचं असं. इंजिन थंड असू द्या, जवळ विडी-सिगारेट नको. प्लगला ठिणगी जाऊ नये म्हणून कॉइलची मधली वायर काढा, कार्बोरेटरकडचा (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागाकडचा) पाइप काढून बाटलीत सोडा आणि काही सेकंद सेल्फ मारा. पेट्रोल ठोके देत, जोरात आलं पाहिजे. आलं नाही, तर पंपाचा टाकीकडचा पाइप काढून तिथं छोटी नळी लावा आणि ती डब्यातल्या पेट्रोलमध्ये बुडवा. आता धार आली? मग पंप निर्दोष. पाइप, फिल्टर, टाकीतली जाळी बघा. आणि टाकीचं झाकणसुद्धा. त्याचं हवेचं छिद्र बुजलं की गाडी काही अंतर नीट चालते आणि मरते. झाकण उघडताच फुस्स आवाज येतो, गाडी परत चालू.

पंप खरंच गेला असेल, तर डिपस्टिक काढून वास घ्या. डायफ्राम, म्हणजे पंपातला रबरी पडदा, फाटला की पेट्रोल ऑइलमध्ये उतरू शकतं. ऑइलची पातळी वाढलेली आणि पेट्रोलचा वास असेल, तर ऑइल बदलल्याशिवाय इंजिन चालवू नका.

गाडी सकाळी बिनबोभाट चालते, दुपारी चहाला थांबलो की नंतर उठत नाही, असं असेल तर बहुतेक पंपात-पाइपात पेट्रोलची वाफ होऊन धार तुटते आहे. पारा 45 वर गेला की बॉनेटखालची उष्णता विचारूच नका. पंपावर ओला दुपट्टा टाकणं हा जुना उपाय खरा आहे, पण तात्पुरता. पंप आणि इंजिनाच्या मध्ये जाड पॅकिंग असतं ते उष्णता अडवायला. नवा पंप बसवताना ते फेकून कागदी गॅस्केट लावणारे मिस्त्री मी पाहिलेत. त्यानं पंप तापतो आणि त्याच्या दांड्याची चालही बदलते. जुनं पॅकिंग जपा. पाइप सायलेन्सरच्या बाजूनं गेला असेल तर तो दूर वळवा.

आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलंच नाही. ते फुगतं, आतून झडतं. कार्बोरेटरच्या वाटीत काळी भुकटी दिसली की समजा पाइप आतून कुजतोय. पाइप ई-20 (20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल) चालणारा घ्या, डायफ्राम मिळाला तर विटॉनचा, म्हणजे पेट्रोल सहन करणाऱ्या रबराचा. फवारणी पंपाची नळी घरात पडली आहे म्हणून ती लावू नका. पेट्रोल आणि उन्हानं ती कडक होऊन चिरते.

जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक पितळी भोकात, तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की अ‍ॅव्हरेज गेलंच. कार्ब क्लीनर आणि हवा पुरे. जोडांवर सिलिकॉन फासू नका, पेट्रोलमध्ये ते सुटून जेटमध्ये अडकतं. इंजेक्शनच्या गाडीचा इलेक्ट्रिक पंपही नको. कार्बोरेटरला 3-4 पीएसआयच्या आसपास दाब लागतो. तो पंप त्याच्या दहापट देतो, आणि पेट्रोल गरम इंजिनावर सांडतं.

पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर अर्धी टाकी ठेवू नका. इथेनॉल ओलावा ओढतं, पाणी तळाशी बसतं, गंज तिथूनच लागतो. गंजलेली टाकी काढून मूठभर नट टाकून हलवा, धुवा आणि आपल्या उन्हात पूर्ण वाळू द्या. भोक पडलं असेल तर गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे मात्र नेऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. हे काम टाक्या नेहमी करणाऱ्याकडेच द्या, नाहीतर दुसरी टाकी शोधा.