टोकियोच्या निशी-कासाईतल्या आईबाबांनो, मुलांना एकट्याने मेट्रोने पाठवायचं कसं?

टोकियोत पहिलीतली जपानी पोरं एकटी शाळेत जातात आणि आपली आठवीतली मुलं बाबांचा हात धरून स्टेशनवर, हे बघून मुलांनाच लाज वाटते हो. तर सुरुवात कार्डापासून. सुइका किंवा पास्मो, पैसे भरून गेटवर टेकवायची ही दोन कार्डं, कुठलंही चालतं, पण चुगाक्को म्हणजे आपली सातवी लागली की फुल तिकीट, हाफवालं कार्ड ३१ मार्चनंतर चालत नाही, ते आधीच बदलून घ्या. बॅलन्स कमी पडून गेट बंद झालं तर घाबरायचं नाही, शेजारी मशीन असतं त्यात पैसे भरायचे.

आता खरी गंमत आपल्या तोझाई लाइनची. शहरातून घरी परत येताना रॅपिड म्हणजे काइसोकु पकडली तर ती तोयोचोनंतर मिनामी-सुनामाची, निशी-कासाई, कासाई सगळं सोडून थेट उरायासूला थांबते, म्हणजे पोरगं टोकियोबाहेर, शेजारच्या चिबात! म्हणून काइसोकुच्या दोन कांजी म्हणजे जपानी अक्षरं आधी पाठ करून घ्या. आणि माझं ऐकाल तर एका रविवारी मुद्दाम त्याच गाडीत बसवा, तुम्ही बाजूच्या डब्यात बसा आणि अजिबात तोंड उघडू नका. उरायासूला उतरून, गेटबाहेर न पडता, पलीकडच्या प्लॅटफॉर्मवरून नाकानोकडे जाणारी साधी गाडी (रॅपिड नव्हे) पकडून दोन स्टेशनं मागे यायचं, हे त्याला स्वतःला सुचलं की निम्मं काम झालं. नावं लक्षात राहत नसतील तर नंबर बघायचे, निशी-कासाई टी १६, उरायासू टी १८.

मग तोझाईवरचंच गाडी बदलायचं मोठं स्टेशन, ओतेमाची. तिथे पाच लाइन्स आहेत आणि बाहेर पडायचे रस्ते इतके की मोठी माणसंही फिरत बसतात, त्यामुळे मित्राला भेटायचं तर एक्झिटचा नंबर ठरवूनच निघायचं, नुसतं 'ओतेमाचीला भेटू' म्हणाल तर दोघं अर्धा तास एकमेकांना शोधत बसणार. शिबुयाला जायचं तर इथेच हानझोमोन लाइन.

दर दहा मिनिटांनी फोन करू नका, गाडीत फोनवर बोलत नाहीत इकडे. उतरल्यावर एक मेसेज, बास. आणि रात्री अकराच्या आत घरी, कारण अकरा ते पहाटे चार अठराखालच्या मुलांना कारण नसताना बाहेर राहू द्यायचं नाही असा टोकियोचा नियमच आहे, तुमचा धाक दाखवायची गरज नाही.

मुलींशी चिकानबद्दल म्हणजे गर्दीत अंगचटीला येणाऱ्यांबद्दल स्पष्ट बोला, लाजू नका, मुलग्यांशी पण बोला. सकाळच्या गर्दीत बायकांचा वेगळा डबा असतो तो दाखवून ठेवा, आणि पोलिसांचं डिजी पोलिस ॲप फोनमध्ये टाका, त्यात बटण दाबलं की फोनच मोठ्याने 'थांबवा' म्हणतो.

गाडी लेट झाली तर स्टेशनवर चिएन शोमेइशो नावाची चिठ्ठी मिळते, ती शाळेत दाखवायची. हे मात्र मुलांना कोणी शिकवावं लागत नाही.